खाडा

सोयगाव तालुक्यात नौका पाहावयाची असेल तर लेण्यांत जावे लागते. पाझर तलावांवरच्या मासेमारांच्या होड्या सोडल्या, तर या भागाचा जलप्रवासाशी असलेला संबंध केवळ चित्रापुरता आहे. तो संबंध मात्र फार जुना. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर कोरलेली आहेत. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन शिडांचे एक गलबत रंगवलेले आहे, आणि सतराव्या लेण्यात सिंहलाच्या कथेतील हत्तीघोडे वाहून नेणाऱ्या नावा आहेत. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे काम. समुद्र येथून शेकडो मैल दूर, आणि वाघूर तर पावसाळा सरला की दगडगोटे दाखवू लागते. तरीही त्या चित्रकारांनी पाण्यावरचे जग या कातळावर उतरवून ठेवले.

याच तालुक्यातले पळसखेडे हे ना. धों. महानोरांचे (१९४२–२०२३) गाव. रानाइतकेच पाण्याचे वेड असलेला हा कवी. पाणी त्यांच्या लेखी उपमेचे साधन नव्हते. ते अडवायचे, मुरवायचे आणि पिकाला द्यायचे असे रोकडे द्रव्य होते. आमच्याकडे पाण्याविषयी बोलणारा मनुष्य बहुधा त्याच्या अभावाविषयीच बोलत असतो. मराठीत 'पाणी लागणे' हा शब्दप्रयोग आहे. विहीर खणताना ज्या क्षणी कातळातून झरा फुटतो त्या क्षणाचा तो शब्द. समुद्रकाठच्या माणसाला त्यातला जीव कळणे अवघड आहे.

हे सारे आठवण्याचे कारण एका नौकानयनपटूची कारकीर्द. दत्तू बबन भोकनळ हे नाव वाचकांना अपरिचित नसावे. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात भारताचे प्रतिनिधित्व करणारा, २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या चौघांपैकी एक, २०२०चा अर्जुन पुरस्काराचा मानकरी. त्याचे गाव तळेगाव रोही, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. नकाशा उघडला तर दिसते की चांदवडच्या माथ्यावरून निघालेली सातमाळ्याची रांग पूर्वेकडे सरकत सरकत अजिंठ्याच्या डोंगरात मिळते आणि आमच्या सोयगावच्या पाठीशी येऊन उभी राहते. भूगोलाच्या पुस्तकात त्यांचे नावही जोडूनच येते: सातमाळा-अजिंठा. म्हणजे तळेगाव रोही आणि सोयगाव ही एकाच डोंगराच्या आधाराने जगणारी गावे; तोच काळा खडक, तेच पावसाकडे डोळे. म्हणून या कारकिर्दीकडे आम्ही परक्याची म्हणून पाहू शकत नाही.

प्रथम कारकिर्दीचा तपशील. दत्तूचा जन्म ५ एप्रिल १९९१चा. वडील विहिरी खणण्याचे काम करीत. मुलगाही वडिलांबरोबर त्या कामावर जाई. २०११मध्ये वडील गेले. २०१२मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्यात खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये दाखल झाला. उंची सहा फुटांहून अधिक, म्हणून प्रशिक्षकांनी त्याला नौकानयनासाठी निवडले. तोवर तो कधी शर्यतीच्या नावेत बसलेला नव्हता, आणि आरंभी आपल्याला पाण्याची भीती वाटे, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले. तीन वर्षांत, २०१५ साली, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने एकेरीचे रौप्यपदक मिळवले. एप्रिल २०१६मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे झालेल्या पात्रता स्पर्धेत तो दुसरा आला आणि रिओचे दार उघडले. त्या वर्षी त्याची आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली होती.

येथवर येताच कोणाही वृत्तपत्राच्या संपादकाला मथळा सुचतो, आणि तो सर्वांना एकच सुचला: विहिरीपासून ऑलिम्पिकपर्यंत. यात खोटे काही नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने कथानक फार सहज जुळून आले की थोडे सावध व्हावे. दुष्काळी गावचा मुलगा पाण्यावर राज्य करतो, खोल खड्ड्यात उतरणारा उंच चढतो, असे विरोध इतके नेमके बसतात की वाचकाचे समाधान मजकूर वाचण्यापूर्वीच होऊन जाते. आमच्या वाङ्मयात या साच्याला मोठी परंपरा आहे. कष्टाळू नायक, हालअपेष्टा, शेवटी गुणांचे चीज. अशा कथेत विहीर हे एक प्रकारचे तालीमखाने ठरते. दगड फोडून दंड कमावले, म्हणून वल्हे ओढता आले, असा कार्यकारणभाव लेखक न सांगताही वाचक लावून घेतो.

आम्ही मराठीच्या वर्गात एकदा असाच एक लेख वाचनासाठी घेतला होता. विषय व्यक्तिचित्रणाचा होता. वाचून झाल्यावर मुलांना विचारले, या माणसाला विहिरीने काय दिले? उत्तरे अपेक्षेप्रमाणे आली: ताकद, चिकाटी, जिद्द. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी मात्र उभी राहून म्हणाली, "सर, विहिरीच्या कामानं अंग कमावत नाही. अंग झिजतं." तिचे वडील यारीवर जात. यारी म्हणजे विहिरीतला खडक वर ओढणारे यंत्र. आमच्याकडे विहिरी फोडणाऱ्या टोळ्या आपापली यारी घेऊन गावोगाव हिंडतात. तिने पुढे काही सांगितले नाही, सांगण्याची गरजही नव्हती.

ज्याने हे काम जवळून पाहिले आहे त्याला 'झीज' हा शब्द नेमका वाटेल. वरची माती आणि मुरूम असेतोवर टिकाव-फावड्याने भागते. खाली काळा खडक लागला की त्याला भोके पाडून सुरुंग भरावे लागतात. बार उडाल्यावर सुटलेला दगड घणाने फोडून, उचलण्याजोगा करून वर पाठवायचा. खोली परसात मोजायची, आणि मजुरीचे बोलणेही बहुधा परसावरच व्हायचे. जितके खोल जावे तितकी हवा कमी, ऊन कोंडलेले आणि डोक्यावर लोंबकळणारे ओझे. पाणी लागले की मालकाच्या घरी नारळ फुटतो. खणणारा त्या पाण्याने हातपाय धुतो आणि दुसऱ्या गावी दुसऱ्या कोरड्या खड्ड्यात उतरतो. आपण लावलेले पाणी त्याच्या वाट्याला क्वचितच येते.

आता याच्या शेजारी नौकानयनाचे काम ठेवून पाहावे. एकेरी नाव सुमारे आठ मीटर लांब, रुंदीला जेमतेम एक फूट, वजनाला कमीत कमी चौदा किलो. दोन हातांत दोन वल्ही. बैठक चाकांवर सरकणारी, पाय एका पट्टीला बांधलेले. पाहणाऱ्याला वाटते हातांनी वल्हवतात. प्रत्यक्षात जोराचा मोठा भाग पायांतून येतो, मग कंबर आणि पाठ उघडते आणि हात सर्वांत शेवटी ओढतात. वल्हे पाण्यातून काढल्यावर मात्र घाई करून चालत नाही. बैठक हळू पुढे सरकवावी लागते, कारण शरीर जोराने सरकले तर तेवढीच नाव मागे रेटली जाते. म्हणजे या खेळात जोर लावण्याइतकेच जोर आवरणे हेही कौशल्य आहे. दोन हजार मीटरच्या शर्यतीत हे दोनशेहून अधिक वेळा करायचे. आणि हे सारे पाठमोऱ्याने! नाव ज्या दिशेला जाते तिकडे वल्हवणाऱ्याची पाठ असते. त्याला दिसते ते मागे पडलेले पाणी. सरळ रेषा राखायची ती मागच्या खुणेवर नजर ठेवून.

घण मारणे आणि वल्हवणे यांत साम्य आहे ते एवढेच की दोन्हींत दम लागतो. बाकी सारे शिकावे लागते. त्यासाठी नाव लागते, स्थिर पाणी लागते, चूक दाखवणारा माणूस लागतो, दोन्ही वेळचे पोटभर जेवण लागते आणि सरावानंतरची झोप लागते. या गोष्टी विहिरीने दत्तूला दिल्या नाहीत. त्या खडकी-दापोडीच्या छावणीने दिल्या. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात वल्हवण्यासाठी मुद्दाम तयार केलेला सरळ पाण्याचा लांब पट्टा आहे. तेथे सैन्याचे नौकानयन केंद्र चालते. विहिरी खणणाऱ्याचा मुलगा ज्या पाण्यावर वल्हवायला शिकला ते पाणीही कोणीतरी खणलेलेच होते, ही गोष्ट कोणाच्या मथळ्यात आली नाही.

पुण्याला हा खेळ नवा नव्हता. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८चा. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचा रेगाटा १९२८पासून चालत आला आहे आणि पुण्यातल्या अनेक पिढ्यांनी मुळेच्या काठावर बसून तो पाहिला आहे. कोलकाता आणि मद्रासचे क्लब तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे. साहेब, त्यांच्यामागून महाविद्यालयीन तरुण, आणि मग सैनिक, अशी हा खेळ खेळणाऱ्यांची आपल्याकडची परंपरा. तिसरी पायरी येईपर्यंत तळेगाव रोहीसारख्या गावातल्या मुलाला नावेपर्यंत पोचण्याची वाटच नव्हती. भारतीय वल्हवणारे ऑलिम्पिकला पहिल्यांदा गेले ते २००० साली, सिडनीला. यात सैन्याचा वाटा मोठा आहे, आणि तो आमच्या मुलांना चांगला ठाऊक आहे. पहाटे सोयगावच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने सैन्यात जाऊनच स्टीपलचेस गाठली, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्यातल्या कोणालाही खेळाडू व्हायचे नसते. नोकरी हवी असते. खेळ हा त्या नोकरीतून कधीमधी निघणारा झरा.

कष्टकऱ्याचे शरीर आणि वल्हवण्याचा खेळ यांच्या संबंधाचा एक जुना इतिहास आहे, आणि तो आमच्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये टेम्स नदीवर हेन्लेची शर्यत भरते. तिच्या चालकांनी १८७९मध्ये हौशी खेळाडूची व्याख्या ठरवली, आणि तीत कारागीर, यंत्रकामगार व मजूर यांना वगळले. वल्हवून पोट भरणाऱ्या नावाड्याला वगळले असते तर समजण्याजोगे होते. पण येथे पोटासाठी हाताने काम करणारा कोणीही अपात्र. एक कारण उघड होते, सभ्य गृहस्थांच्या पंक्तीला मजूर नको. दुसरे कारण अधिक चमत्कारिक: रोज अंगमेहनत करणाऱ्याला त्याच्या मेहनतीचा गैरवाजवी फायदा मिळतो, अशी समजूत. १९२०मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन केलीने या हेन्लेच्या एकेरी शर्यतीसाठी, डायमंड स्कल्ससाठी, अर्ज केला तो नाकारण्यात आला. त्याच्या क्लबशी चालकांचे जुने भांडण होते, आणि शिवाय केली हा गवंडी, विटा रचणारा. त्याच वर्षी अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये केलीने एकेरीचे सुवर्णपदक घेतले. हरवले ते ब्रिटनच्या जॅक बेरेसफोर्डला, ज्याने त्या उन्हाळ्यात हेन्लेची तीच शर्यत जिंकली होती. थोड्याच वेळाने चुलतभावाबरोबर केलीने दुहेरीचेही सुवर्ण जिंकले. मजुरांना मज्जाव करणारा हेन्लेचा नियम गेला तो १९३७मध्ये. पुढे १९४७मध्ये केलीच्या मुलाने डायमंड स्कल्स जिंकली, पण तोवर तो श्रीमंत बापाचा मुलगा झाला होता.

हेन्लेच्या नियमाला आज आपण हसतो. पण आपल्या मथळ्यांशी तो ताडून पाहावा. हेन्लेचे गृहस्थ म्हणत होते, मजुरी हा फायदा आहे, म्हणून मजुराला आत घेऊ नका. आपण म्हणतो, मजुरी हा फायदा आहे, म्हणून मजुराच्या पोराने ऑलिम्पिक गाठले. निष्कर्ष उलट, गृहीतक एकच. दोन्हीकडे झीज दिसत नाही. दोन्हीकडे कष्टकऱ्याचे अंग म्हणजे न संपणारा साठा, कोणी त्याला भिते, कोणी त्याचे कौतुक करते. आणि कौतुकाची एक सोय अशी की ते केले म्हणजे उरलेल्या विहिरींचा हिशेब द्यावा लागत नाही. दगड फोडून जर खेळाडू घडत असते, तर सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेने आजवर ऑलिम्पिकचे अर्धे पथक भरून काढले असते.

रिओची शर्यतही या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. तेथील खाऱ्या सरोवरावर दत्तू प्राथमिक फेरीत तिसरा आला आणि उपांत्यपूर्व फेरीत पोचला. त्या फेरीत तो चौथा आला. पहिले तीनच पुढे जायचे होते. त्यामुळे पदकाची शक्यता संपली. या खेळात मात्र हरलेल्यांना लगेच घरी पाठवत नाहीत. पुढच्या क्रमांकांसाठी त्यांच्या वेगळ्या अंतिम शर्यती होतात. दत्तूने त्यांतली 'क' गटाची अंतिम शर्यत ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली आणि एकूण तेरावा क्रमांक मिळवला. तोवर ऑलिम्पिकमधली भारतीय नौकानयनातली ही सर्वांत वरची जागा होती. सुवर्णपदकाच्या शर्यतीत न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन या दोघांचीही वेळ ६ मिनिटे ४१.३४ सेकंद भरली आणि निकाल छायाचित्रावरून लावावा लागला. वाऱ्यापाण्यात फरक पडत असल्याने दोन शर्यतींच्या वेळा एकमेकींशी ताडणे तितकेसे रास्त नाही, तरी अंतराची कल्पना यावी: साधारण चौदा सेकंद. चार वर्षांपूर्वी जो नावेत बसलाच नव्हता, तो जगातल्या उत्तमांपासून चौदा सेकंद दूर होता.

आम्हांला या निकालातली लक्षणीय गोष्ट वाटते ती 'क' गटाची शर्यत जिंकण्याची. पदक नाही, टाळ्या थोड्या, प्रक्षेपणाचे कॅमेरे दुसरीकडे. तरी पहिला येण्यासाठी वल्हवायचे. विहीर ते ऑलिम्पिक या कथेला तेराव्या क्रमांकाचे काय करावे हे कळत नाही. ती एकतर 'पदक हुकले' म्हणते किंवा 'तरीही मने जिंकली' म्हणते. परंतु तेरावा क्रमांक ही हुकलेली वस्तू नाही, ती मिळवलेली वस्तू आहे. साहित्यात आपण गौण कवींचा अभ्यास करतो तो याच न्यायाने. श्रेष्ठांच्या खालची जागाही कोणीतरी निर्मितीच्या बळावर कमावलेली असते.

पुढचे प्रकरण मात्र असे सरळ नाही. ऑगस्ट २०१८मध्ये इंडोनेशियात आशियाई क्रीडास्पर्धा झाली. नौकानयनाच्या शर्यती पालेमबंगला होत्या. दत्तू एकेरीत उतरला आणि चौघांच्या नावेतही. एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो शेवटचा आला. तो आजारी होता, अंगात ताप होता. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, सवर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह तो चौघांच्या नावेत बसला आणि त्यांनी ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत भारताला नौकानयनात मिळालेले हे अवघे दुसरे सुवर्ण. पहिले २०१०मध्ये ग्वांगझू येथे बजरंगलाल ताखरने एकेरीत मिळवले होते.

एवढ्यावर कथा संपती तर ती आपल्या साच्यात सुंदर बसली असती. आजारातून उठून दुसऱ्या दिवशी सुवर्ण! पण २०१९मध्ये राष्ट्रीय नौकानयन महासंघाने त्या एकेरी शर्यतीविषयी दत्तूवर कारवाई केली. तो शर्यतीत मध्येच हेतुपुरस्सर थांबला, असा ठपका ठेवून दोन वर्षांची बंदी घातली. दत्तूने आजारपणाचे कारण दिले. जानेवारी २०२०मध्ये बंदी उठवण्यात आली, आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. बंदी आणि सन्मान लागोपाठच्या दोन वर्षांत. मधल्या काळात सरावाचे आणि स्पर्धांचे दिवस गेले ते गेलेच. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांची जोडी अकरावी आली आणि तेराव्या क्रमांकाची नोंद मागे पडली.

त्या वादाचा न्यायनिवाडा करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. शिस्तीची बाजू असते. संघटनेला नियम लागतात. अंतिम फेरीतली जागा ही देशाची जागा असते. आमचे कुतूहल वेगळे आहे. थांबलेल्या वल्ह्याने आपण इतके अस्वस्थ का होतो? ज्याच्या कारकिर्दीचे सारे वर्णन 'न थांबणारा' या एका विशेषणावर उभे केले, तो एकदा थांबला तर वर्णनालाच तडा जातो, म्हणून काय? जन्मभर दगड फोडणाऱ्याच्या मुलाला ताप येऊ शकतो, त्याचा दम तुटू शकतो, ही शक्यता विहिरीच्या कथेत कुठे नसतेच. तेथे अंग हा साठा असतो, आणि साठा आजारी पडत नाही.

येथे आम्हांला एक साधा मराठी शब्द आठवतो: खाडा. रोजंदारीवरचा माणूस ज्या दिवशी कामावर जात नाही, त्या दिवसाचा खाडा मांडतात. त्या दिवसाची मजुरी बुडते. तो का गेला नाही याची नोंद नसते. ताप होता, पोर आजारी होते की जिवाला नको झाले होते, मुकादमाच्या वहीत सगळ्याला एकच खूण. महिनदारी करणाऱ्यांना रजा असते, मजुराला खाडा असतो. भाषेने इतक्या थोडक्यात दोन वर्गांतले अंतर सांगितले आहे की त्यावर निराळे भाष्य करण्याची गरज नाही. सुट्टी ही घेतलेली असते, रजा ही मिळालेली असते, आणि खाडा हा पडतो. पहिल्या दोहोंमागे माणूस उभा असतो. तिसऱ्यात फक्त एक रिकामी चौकट.

रोजंदारीच्या जगातून बाहेर काढणारी वाट म्हणून आमची मुले पहाटे धावतात, ती मुख्यतः या खाड्यापासून सुटण्यासाठी. आजारी पडले तरी पगार कापला जाणार नाही अशी जागा त्यांना हवी असते. दत्तू भोकनळने ती जागा मिळवली होती. सैनिकाच्या नोकरीने त्याला जेवण, नाव, प्रशिक्षक आणि पाणी दिले, आणि या चार गोष्टी मिळताच विहिरीत झिजत असलेले अंग जगातल्या तेराव्या क्रमांकाचे निघाले. याचा अर्थ विहीर महान होती असा नव्हे. याचा अर्थ असा की या डोंगराच्या पायथ्याशी आजही किती तेरावे, किती विसावे क्रमांक घण उचलत आहेत, हे कोणी मोजलेले नाही. महानोर ज्या अर्थाने पाण्याचे बोलत त्याच अर्थाने हे बोलावे लागेल: पडणारा पाऊस पुष्कळ असतो, अडवण्याची सोय नसते.

म्हणून व्यक्तिचित्रणाचा तास आला की आम्ही आता तो लेख पुन्हा घेतो, पण मुलांना मथळ्याच्या दोन टोकांविषयी लिहायला सांगत नाही. २०१२ ते २०१६ या चार वर्षांविषयी लिहायला सांगतो. कोणी काय दिले, किती दिवस दिले, त्या दिवसांचा खर्च कोणी उचलला. मग निबंधात जिद्द कमी येते आणि जिन्नस अधिक येतात. अलंकार गळून पडतात. गद्य थोडे खडबडीत होते, पण खरे होते. चौघांच्या नावेचाही उल्लेख त्यात येतो. त्या नावेत सारे पाठमोरे असतात, एकाला पुढच्याची फक्त पाठ दिसते, आणि कोणाच्या बळाने नाव किती सरकली हे वेगळे काढता येत नाही.

दत्तूच्या नोंदीत २०१८च्या एकेरी शर्यतीपुढे अखेरचा क्रमांक लिहिलेला आहे, आणि तो तसाच राहणार. क्रीडेच्या इतिहासाने निकाल लिहावेत. ते त्याचे कामच आहे. परंतु जे लोक शब्दांचा धंदा करतात, शिकवतात, तपासतात, त्यांनी एवढे तरी पाहावे की मजुराच्या मुलाच्या आजारपणाला आपल्या लेखनात नाव मिळते, की मुकादमाच्या वहीतल्यासारखी नुसती रिकामी चौकट. त्या दिवसाला आम्ही ताप म्हणू. खाडा म्हणणार नाही.